बाबा गेल्यावर पीएफ, पेन्शन आणि विमा आईच्या नावावर कसा आणायचा

जिनिंगमध्ये, सूतगिरणीत, बुटीबोरीच्या एखाद्या कंपनीत किंवा कोराडी-चंद्रपूरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम करणारा माणूस गेला की गावात सगळे एकच विचारतात, "पीएफ निंघाला का?" पीएफ निघतो, आईच्या खात्यात जमा होतो, त्यातून तेराव्याचा खर्च आणि उधारी फिटते आणि कागदांची पिशवी पुन्हा पेटीत जाते. पेन्शन मागायची राहूनच जाते. विमा होता हे तर घरात कोणाला माहीतच नसतं. ही रक्कम कोणी घरी आणून देत नाही, ती मागावी लागते. आणि प्रत्येक गोष्ट वेगळी मागावी लागते.

हा लेख खासगी किंवा सहकारी संस्थेत कामाला असलेल्या आणि पगारातून पीएफ कापला जाणाऱ्या माणसाच्या घरच्यांसाठी आहे. बाबा जिल्हा परिषदेत किंवा सरकारी खात्यात असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनाचं काम त्यांच्या कार्यालयातून चालतं, तो वेगळा विषय. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाणीत कायम असतील तर कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी संघटना आणि १९९८ ची कोळसा खाण पेन्शन योजना, तीही वेगळी. वणी, उमरेड, माजरी, बल्लारपूर भागातल्या लोकांनी हे आधी तपासावं, नाहीतर चुकीच्या ऑफिससमोर रांगेत दिवस जातो.

आधी समजून घ्या, मिळतं काय काय

पगारातून बाबांचे १२ टक्के कापले जात होते. मालकही तेवढेच भरत होता. पण मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पीएफमध्ये न जाता पेन्शन खात्यात जातात, तेही जास्तीत जास्त १५,००० रुपयांच्या पगारावर, म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. ही ईपीएस-९५, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेली कर्मचारी पेन्शन योजना. पीएफ पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा दिसतो आणि लोक म्हणतात, "इथले पैसे कुठं गेले?" ते पैसे एकरकमी परत मिळायचे नसतात, त्यातूनच पेन्शन निघते.

तिसरी गोष्ट ईडीएलआय नावाचा विमा. याचा हप्ता फक्त मालक भरतो, पगाराच्या चिठ्ठीवर त्याची कपात दिसत नाही, म्हणून त्याचा पत्ता नसतो. माणूस नोकरीत असताना गेला तर मृत्यूचं कारण काहीही असो, अपघात, हार्ट अटॅक, साप चावणं, विमा लागू होतो.

चौथी ग्रॅच्युइटी. ती पीएफ ऑफिस नाही, मालक देतो. शिवाय उरलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, पतसंस्थेतले शेअर. ईएसआयचं (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर तिथले अंत्यविधीचे १५,००० रुपये, आणि कामावरच्या अपघातात मृत्यू असेल तर अवलंबितांना दरमहा रक्कम.

एक गोष्ट जाताजाता. बाबांच्या बँक पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा चालू होता, त्याचे २ लाख बँकेतून मागायचे. २० रुपये कापलेले असतील तर तो अपघात विमा. याचा नोकरीशी संबंध नाही, पण पासबुक हातात असतं तेव्हाच बघून घेतलेलं बरं.

पैसे कोणाचे? बहुतेक वेळा तुमचे नाही, आईचे

मोठा मुलगा धावपळ करतो म्हणून अर्जही त्याच्या नावाने भरला जातो आणि परत येतो. पेन्शनचा पहिला हक्क हयात जोडीदाराचा. बाबांनी नामनिर्देशनात कोणाचंही नाव लिहिलेलं असो, आई हयात आहे तोवर विधवा पेन्शन तिचीच. आई कामगार होती आणि ती गेली असेल तर बाबांना विधुर पेन्शन मिळते. सूतगिरणीत आयुष्य काढलेल्या कितीतरी बायांच्या नवऱ्यांनी हा अर्ज केलेलाच नाही, कारण "बाईच्या मागं माणसाले कुठं पेन्शन असते" असं कोणीतरी सांगितलेलं असतं. असते.

आईसोबतच २५ वर्षांखालच्या दोन मुलांनाही पेन्शन मिळते. १८ नाही, २५. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली बहीण यात बसते. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर मोठ्यापासून सुरुवात होते आणि मोठा २५ चा झाला की त्याची जागा धाकट्याला मिळते. पूर्ण अपंग मुलाला मात्र वयाची अट नाही, त्याला आयुष्यभर. आई आधीच गेलेली असेल तर मुलांना अनाथ पेन्शन, आणि ती साध्या बाल पेन्शनच्या तिप्पट असते.

पीएफ आणि विम्याचं थोडं वेगळं. तिथे नामनिर्देशन बघतात. पण बाबांनी लग्नाआधी, कुटुंब नसताना, नोकरीला लागल्या दिवशी फॉर्म २ वर मित्राचं किंवा भावाचं नाव लिहिलं असेल तर लग्नानंतर ते नामनिर्देशन आपोआप रद्द होतं. म्हणून काकांनी जुना कागद दाखवला तरी घाबरायचं कारण नाही. नामनिर्देशनच नसेल तर रक्कम कुटुंबात समान वाटली जाते, पण सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुली यांना इतर कोणी हक्कदार असताना वाटा नाही. आई आणि लग्न न झालेली बहीण घरात असेल तर तिशीतल्या दोन्ही भावांना पीएफमधून काहीच नाही. हे भावाभावांत पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या. नंतर निघालं की कटुता येते.

आणखी एक, विदर्भात फार कामाचं. बाबांच्या डोक्यावर पीककर्ज असेल, पतसंस्थेची बाकी असेल, सावकाराची चिठ्ठी असेल, तरी पीएफला जप्ती लागत नाही. मृत्यूनंतर ती रक्कम नामनिर्देशित व्यक्तीकडे जाते ती मृताच्या देण्यापासून मोकळी होऊन. "आधी सोसायटीची बाकी भरा, मग फॉर्मवर सही देतो" असं कारखान्याचा बाबू म्हणत असेल तर तो चूक आहे. शांतपणे तसं लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा सही होते.

पेन्शन किती बसेल

सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, कमाल १५,०००. सप्टेंबर २०१४ नंतर लागलेल्या, १५,००० वर कपात होणाऱ्या माणसाची १० वर्षं भरली असतील तर १५,००० × १० ÷ ७० म्हणजे साधारण २,१४३ रुपये. नोकरीत असताना मृत्यू झाला तर आईला हे सूत्र, योजनेतला तक्ता आणि किमान १,००० यांतली जी रक्कम मोठी ती मिळते. प्रत्येक मुलाला आईच्या पेन्शनच्या २५ टक्के, किमान २५०. अनाथ पेन्शन ७५ टक्के, किमान ७५०.

२० वर्षं किंवा जास्त सेवा असेल तर हिशोबात दोन वर्षं जादा धरतात. ज्यांची सेवा १ सप्टेंबर २०१४ च्या आधीची आहे त्यांचा तो भाग तेव्हाच्या ६,५०० च्या मर्यादेवर मोजला जातो, म्हणून आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो. बाबूनं कापलं असं लगेच समजू नका.

सेवेची अट मात्र नीट वाचा. नोकरीत असताना माणूस गेला तर एका महिन्याचीही वर्गणी भरलेली पुरते. "दहा वर्षं झाली नव्हती, पेन्शन नाही" असं जे सर्रास सांगतात ते नोकरीतल्या मृत्यूला लागू नाही. दहा वर्षांची अट लागते ती नोकरी सोडून घरी बसलेल्या आणि ५८ च्या आत गेलेल्या माणसाच्या बाबतीत.

हजार रुपये काय पुरतात, हा प्रश्न रास्त आहे. किमान पेन्शन साडेसात हजार करा म्हणून ईपीएस-९५ धारकांचं देशभरचं आंदोलन चाललं, त्याचं केंद्र आपलं बुलढाणाच आहे. पण ते वाढेल तेव्हा वाढेल. ज्याचा अर्जच नाही त्याला वाढीव रकमेचाही उपयोग नाही.

विम्याचा आकडा मोठा असतो

शेवटच्या १२ महिन्यांचा सरासरी पगार (कमाल १५,०००) गुणिले ३५, अधिक पीएफ खात्यातल्या सरासरी शिलकीचा अर्धा भाग, तोही जास्तीत जास्त पावणेदोन लाख. पगार १२,००० आणि शिल्लक २ लाख असेल तर ४,२०,००० अधिक १,००,०००, म्हणजे ५ लाख २० हजार. वर्षभर सलग सेवा असेल तर किमान अडीच लाख, कमाल सात लाख. २०२५ मध्ये यात सुधारणा झाली: वर्ष पूर्ण व्हायच्या आत गेलेल्याच्या घरच्यांनाही किमान ५०,०००, दोन नोकऱ्यांमधली ६० दिवसांपर्यंतची फट खंड धरायची नाही, आणि शेवटची वर्गणी जमा झाल्यावर सहा महिन्यांत मृत्यू झाला व नाव हजेरीपटावर असेल तर विमा लागू. ठेकेदारी कामगारांच्या घरच्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. आजारपणात चार महिने घरी होते म्हणून विमा गेला, असं आता धरायचं नाही.

काही कंपन्या ईडीएलआयऐवजी आयुर्विमा महामंडळाचा समूह विमा घेतात. तसं असेल तर दावा कंपनीमार्फत. एचआरला सरळ विचारा.

पहिलं काम: मृत्यूचा दाखला

दाखला मृत्यू जिथे झाला तिथे मिळतो, राहतो तिथे नाही. घरी गेले असतील तर ग्रामपंचायत. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेले असतील तर नोंद नागपुरातच होते, गावचा ग्रामसेवक काही करू शकत नाही. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते. त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. शेतात गेलेल्या आणि लगेच दहन केलेल्या माणसाची नोंद राहून जाते असं खेड्यात नेहमी दिसतं, म्हणून तेराव्याची वाट न बघता नोंद करा.

नोंद करतानाच नाव आधारवर आहे तसं, अक्षर न बदलता लिहून घ्या. आधारवर 'शामराव', दाखल्यावर 'श्यामराव', पीएफमध्ये नुसतं 'शाम' आणि आडनाव आधी: यात महिने जातात. पाच-सहा मूळ प्रती एकदम घ्या. पीएफ, बँक, ग्रॅच्युइटी, तलाठी, सगळ्यांना लागतात.

दुसरं: यूएएन आणि जुने नंबर शोधणं

२०१४ नंतर नोकरीत असलेल्या प्रत्येकाला १२ आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक असतो. पगारपत्रक, कंपनीचं ओळखपत्र, बाबांच्या मोबाइलमधले ईपीएफओचे (पीएफ चालवणारी सरकारी संघटना) एसएमएस यांत बघा. म्हणून बाबांचं सिम लगेच बंद करू नका, रिचार्ज मारत राहा. नोंदवलेल्या त्याच नंबरवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिलकीचा मेसेज येतो, त्यावरून खातं चालू असल्याचं कळतं.

यूएएन मिळाला म्हणजे पुरं नाही. ठेकेदार बदलला की नवा मेंबर आयडी, म्हणजे त्या नोकरीपुरता पीएफ नंबर पडतो. वीज केंद्रात पंधरा वर्षं एकाच गेटमधून आत गेलेल्या माणसाचे चार-पाच मेंबर आयडी असू शकतात, आणि सेवा जोडली गेली नसेल तर पेन्शन फक्त शेवटच्या ठेकेदाराच्या वर्षांवर मोजली जाते. जुन्या पगारचिठ्ठ्यांवर पीएफ नंबर असतो. नागपूर कार्यालयाचे नंबर 'एनजीएनएजी'ने सुरू होतात. पेटीतली एकही चिठ्ठी फेकू नका. मळलेली, वाळवीनं खाल्लेली असली तरी तिच्यावरचा नंबर आणि महिना वाचता येत असेल तर ती कामाची. सगळे नंबर एका कागदावर कंपनी, नंबर, कधीपासून कधीपर्यंत असे उतरवा आणि तो कागद अर्जाला जोडा.

तिसरं: मालकाकडून दोन गोष्टी करून घ्या

एक, पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख, आणि कारण 'सेवेत असताना मृत्यू'. इथे घोळ झाला की सगळं अडतं. काही ठिकाणचा क्लार्क नेहमीच्या सवयीनं 'नोकरी सोडली' असं टाकतो. तसं झालं की विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो, कारण कागदोपत्री माणूस नोकरीत असताना गेलाच नाही. टाकण्याआधी त्याच्या शेजारी बसून बघा.

दोन, नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव यांतला फरक दुरुस्त करण्यासाठी जॉइंट डिक्लेरेशन. सभासद हयात नसेल तर नामनिर्देशित व्यक्ती किंवा वारस हा अर्ज देऊ शकतो, मालकाच्या सहीनं. आईचं नावही बघा. पीएफमध्ये 'शांता', आधारवर 'शांताबाई', शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, हे आपल्याकडे घराघरात आहे. आधी आईचं आधार आणि बँक खातं एकसारखं करा, मग पीएफकडे वळा.

ठेकेदार पळाला असेल तर? कायद्याने ठेकेदाराच्या कामगारांच्या पीएफची जबाबदारी मूळ मालकावर येते. वीज केंद्राच्या किंवा कारखान्याच्या कामगार कल्याण विभागात लेखी अर्ज द्या. आणि गिरणीच बंद पडून भंगारात गेली असेल, जशा विदर्भात कितीतरी पडल्या, तर अर्जावर राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, सरपंच, आमदार, मान्यताप्राप्त शाळेचे मुख्याध्यापक किंवा खातं असलेल्या बँकेचे व्यवस्थापक यांच्यापैकी कोणाचं साक्षांकन घेण्याची सोय आहे. मालकाची सही नाही म्हणून दावा मरत नाही.

चौथं: बँक खातं

खातं आईचं एकटीचं असावं, बाबांसोबतचं जोड खातं नको. पासबुकच्या पहिल्या पानावर फोटो, नाव, खाते क्रमांक, आयएफएससी स्वच्छ दिसला पाहिजे. ज्यांचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं त्यांनी इथे थांबावं. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुन्या नावाचं पासबुक जोडू नका, शाखेत जाऊन नवं छापून घ्या आणि त्यावरचाच आयएफएससी अर्जात भरा.

जनधन खातं अर्धवट केवायसीवर उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर त्यात वर्षाला एक लाखाहून जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही. विम्याचे पाच लाख त्यात येणार कसे? आधार, पॅन देऊन केवायसी पूर्ण करून घ्या. पॅन नसेल तर आताच काढा.

पाचवं: अर्ज

पूर्वी पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ असे तीन वेगळे फॉर्म होते. खिडकीवर अजून याच नावांनी बोलतात. आता मृत्यूच्या दाव्याचा एकच एकत्रित फॉर्म आहे, पण त्यात पीएफ, पेन्शन, विमा अशा तीन खुणा वेगवेगळ्या कराव्या लागतात. लोक पहिल्या चौकटीवर टिक करून सोडतात. तिन्ही टिक करा. फॉर्म ईपीएफओच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तालुक्यात बसून त्यावर टक्केवारी मागणारे एजंट आहेत, त्यांना विम्याच्या रकमेतून वाटा द्यायची काही गरज नाही. टायपिंगचे पन्नास-शंभर द्या आणि या.

सोबत जोडायचं:

– मृत्यूचा मूळ दाखला
– आईचं आणि पेन्शनला पात्र मुलांचं आधार, पासपोर्ट फोटो
– मुलांच्या वयाचा पुरावा, शाळेची टीसी किंवा जन्मदाखला
– आईच्या पासबुकची प्रत किंवा रद्द केलेला चेक
– नामनिर्देशन नसेल तर हयात कुटुंबीयांचा अधिकृत दाखला
– जुन्या मेंबर आयडींचा तो कागद

शेवटून दुसऱ्या कागदाबद्दल सांगतो. नामनिर्देशन नाही म्हटलं की कोणीतरी "कोर्टातून वारस दाखला आणा" म्हणतं आणि वकिलाची फी सुरू होते. आई आणि मुलं हयात असतील तर आधी पीएफ कार्यालयातच विचारा की कोणाचा दाखला चालेल. कोर्टाची पायरी खरी लागते ती ना नामनिर्देशन ना कुटुंब अशा ठिकाणी.

पेन्शनच्या भागात आईचं वर्णनपत्र असतं: उंची, ओळखीच्या दोन खुणा, सहीचे नमुने. 'डाव्या हनुवटीवर तीळ', 'उजव्या मनगटावर गोंदण' असं स्पष्ट लिहा. आई अंगठा करत असेल तर लाजेपोटी तिला सही शिकवून करायला लावू नका. सही दर वेळी वेगळी येते आणि बँकेत अडते. अंगठा अंगठाच राहू द्या, साक्षीदाराच्या सहीसह.

अल्पवयीन मुलाचं खातं त्याच्या स्वतःच्या नावावर उघडून घ्या. रक्कम थेट त्या खात्यात जाणार असेल तर कोर्टाच्या पालकत्व दाखल्याचा आग्रह धरू नये, अशी सूचना ईपीएफओनं २०२५ मध्ये दिलेली आहे.

बाबांनी हयातीत ई-नामनिर्देशन केलेलं असेल तर काम बरंच सोपं आहे. ईपीएफओच्या पोर्टलवर लाभार्थ्यानं मृत्यू दावा भरण्याची वेगळी जागा आहे, आईच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि घरबसल्या दावा जातो. आईचा मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर आधार केंद्रात आधी तेवढं करून या.

सहावं: कुठं द्यायचं

कार्यालय तुमच्या गावावरून ठरत नाही, बाबांची कंपनी कुठल्या कार्यालयाच्या कोडखाली आहे त्यावरून ठरतं. विदर्भात नागपूर आणि अकोला इथे क्षेत्रीय कार्यालयं आहेत. बाबा वर्धेचे, पण कंपनीचा कोड पुण्याचा, तर फाइल पुण्याला जाते. भामरागड किंवा एटापल्लीहून नागपूर गाठायचं म्हणजे येण्याजाण्यात दोन दिवस, मजुरी बुडते ती वेगळी. त्यांनी दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात भरणारं 'निधी आपके निकट' शिबिर गाठावं. सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जागा ईपीएफओ जाहीर करते, १४४७० या टोल-फ्री नंबरवरही विचारता येईल.

अर्ज देताना सगळ्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पुढची सगळी भांडणं त्या तारखेवर चालतात. परिपूर्ण दावा २० दिवसांत निकाली काढायचा नियम आहे, आणि विनाकारण उशीर झाला तर १२ टक्के दराने दंड व्याजाची तरतूद आहे, तीही आयुक्ताच्या पगारातून कापता येणारी. 'परिपूर्ण' या शब्दात मात्र सगळं आलं. त्रुटी काढली की घड्याळ पुन्हा सुरू होतं. म्हणून त्रुटी लेखी आणि एकदाच मागा.

महिना गेला, काही हललं नाही, तर ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार करा. तिथून उत्तर गोलमाल आलं तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज: 'अमुक तारखेच्या दाव्यावर आजवर कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली, प्रत द्यावी.' एवढ्याच ओळी. यापेक्षा जास्त लिहिलं की उत्तर टाळायला जागा मिळते.

ज्यांनी वर्षांमागे फक्त पीएफ काढला

वडील जाऊन सात-आठ वर्षं झाली आणि तेव्हा फक्त पीएफ काढला, तरी पेन्शनचा अर्ज आज करता येतो. कुटुंब पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते, थकबाकीसकट मागा. अर्जात पीएफ कधी निघाला तो उल्लेख आणि जुना मेंबर आयडी द्या. पीएफ निघाला म्हणजे खातं संपलं, असं खिडकीवर कोणी म्हणालं तर पेन्शन खातं वेगळं असल्याचं सांगा.

बाबा आधीपासून ईपीएस पेन्शन घेत होते आणि गेले, तर आईला त्यांच्या पेन्शनची निम्मी, किमान १,००० मिळते. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मृत्यू दाखला, आईचं आधार आणि खातं घेऊन बँकेला आणि पीएफ कार्यालयाला कळवा. पीपीओ २००८ च्या आधीचा असेल तर त्यावर 'भांडवल परती'चा पर्याय लिहिलाय का बघा, असेल तर नामनिर्देशिताला एकरकमी रक्कम मिळते. आणि बाबांचं एटीएम कार्ड पेटीत ठेवून द्या. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन काढली की ती परत भरावी लागते, तोवर आईची पेन्शन अडकते.

ग्रॅच्युइटी

सहसा पाच वर्षं सलग सेवा लागते, मृत्यूच्या बाबतीत ही अट नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. पगार १३,००० आणि सेवा १८ वर्षं असेल तर १ लाख ३५ हजार. कमाल २० लाख. अर्ज मालकाकडे, तीस दिवसांत पैसे. नाही दिले तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार. पीएफच्या अर्जासोबतच त्याच दिवशी हाही अर्ज मालकाकडे द्या आणि त्याच्यावरही आवक शिक्का घ्या.

पेन्शन सुरू झाल्यावर

पीपीओ आला की तो नंबर दारामागे, डायरीत, मुलांच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत घेता येते, त्यामुळे आई मुलाकडे पुण्याला राहायला गेली तरी पीपीओ हलवायची गरज नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबरच हवा असं नाही, ज्या तारखेला दिला तिथून एक वर्ष चालतो. पोस्टमन, सीएससी केंद्र किंवा मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. कापूस वेचून बोटांचे ठसे झिजलेल्या बायांचा अंगठा यंत्र घेत नाही, त्यांच्यासाठी चेहऱ्याचा पर्याय चांगला. उजेडात, पदर मागे घेऊन, डोळे मिचकावायला सांगून.

आईनं पुन्हा लग्न केलं तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांची अनाथ पेन्शनच्या दरानं सुरू होते. त्यासाठी पुन्हा कार्यालयाला लेखी कळवावं लागतं.